अ‍ॅस्ट्रोसाइट, मेंदूचं कामकाज आणि मेंदू झिजवणारे आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅस्ट्रोसाइट म्हणजे नेमकी कोणती पेशी?

मेंदू आणि मज्जारज्जूत चेतापेशी आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी यांखेरीज ज्या पेशी असतात, त्यांना एकत्रितपणे ग्लिया म्हणतात. अ‍ॅस्ट्रोसाइट हा त्यांतला एक प्रकार. चेतातंतूंवर मायलिनचं वेष्टन चढवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट आणि मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी म्हणजे मायक्रोग्लिया हे बाकीचे दोन मुख्य प्रकार.

जुन्या पुस्तकांतल्या चित्रांत अ‍ॅस्ट्रोसाइट चार-आठ फांद्यांच्या चांदणीसारखा दिसतो. ते चित्र अपुरं आहे. सर्वांत जास्त वापरला जाणारा रंग जीएफएपी या प्रथिनाला लागतो आणि हे प्रथिन पेशीच्या फक्त जाड फांद्यांत असतं. पेशीत थेट रंग भरून पाहिलं तेव्हा कळलं की जीएफएपीमुळे तिचं जेमतेम १५ टक्के आकारमान दिसतं. उरलेला भाग अतिशय बारीक पात्यांचा असतो आणि ती पाती सिनॅप्सच्या, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या सांध्यांच्या, भोवती शिरलेली असतात. शेजारशेजारचे अ‍ॅस्ट्रोसाइट एकमेकांच्या हद्दीत फारसे घुसत नाहीत, प्रत्येकाचा स्वतंत्र टापू असतो. उंदराच्या मेंदूत एका टापूत साधारण २० हजार ते १ लाख २० हजार सिनॅप्स येतात. माणसाचा अ‍ॅस्ट्रोसाइट व्यासाने अडीचपटीहून मोठा असतो आणि त्याच्या टापूत २० लाखांपर्यंत सिनॅप्स येऊ शकतात.

एका चेतापेशीमागे दहा ग्लिया असतात, हे खरं का?

नाही. २००९ मध्ये मानवी मेंदूतली पेशीकेंद्रकं मोजली गेली तेव्हा चेतापेशी सुमारे ८६ अब्ज निघाल्या आणि बाकीच्या सगळ्या पेशी मिळून जवळपास तितक्याच. त्या बाकीच्यांतही रक्तवाहिन्यांच्या पेशी धरलेल्या आहेत. मेंदूच्या भागागणिक प्रमाण बदलतं: अनुमस्तिष्कात चेतापेशींची गर्दी, तर मोठ्या मेंदूच्या बाह्यकात ग्लिया जास्त.

आणि आइनस्टाइनच्या मेंदूत ग्लिया जास्त होत्या म्हणतात ते?

१९८५ च्या ज्या अभ्यासावर ही गोष्ट उभी आहे, त्यात चार भाग तपासले होते आणि तुलनेला ११ पुरुषांचे मेंदू होते. फरक फक्त एका भागात, डाव्या बाजूला, सापडला. एक मेंदू, अनेक मोजण्या आणि त्यांतली एक जुळलेली. यावरून बुद्धिमत्तेबद्दल काही सांगता येत नाही.

या पेशी दिवसभर करतात काय?

कामांची यादी मोठी आहे, पण आजार समजून घ्यायचे तर दोन कामं पक्की समजायला हवीत: ग्लुटामेट उचलणं आणि पोटॅशियम सावरणं.

ग्लुटामेट हा मेंदूतला मुख्य उत्तेजक संदेशवाहक. चेतापेशीच्या आत तो बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असतो. सिनॅप्समध्ये सोडलेला ग्लुटामेट मोडणारं वितंचक तिथे नसतं, त्यामुळे तो उचलून नेणं हाच एक मार्ग उरतो. हे काम मुख्यतः अ‍ॅस्ट्रोसाइटवरचे दोन वाहक करतात, ईएएटी१ आणि ईएएटी२. पुढच्या मेंदूत एकट्या ईएएटी२ कडे सुमारे ९० टक्के भार असतो. ग्लुटामेटचा एक रेणू आत घ्यायला तीन सोडियम आणि एक प्रोटॉन आत येतो, एक पोटॅशियम बाहेर जातो. म्हणजे सोडियमचा उतार टिकला तरच वाहक चालतो. तो उतार सोडियम-पोटॅशियम पंप राखतो आणि पंपाला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं. रक्तपुरवठा तुटला की एटीपी संपतं आणि उतार मोडतो. मग वाहक नुसता थांबत नाही, उलटा फिरून ग्लुटामेट बाहेर टाकू लागतो. पक्षाघातात चेतापेशी मरतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे. बाहेर साचलेला ग्लुटामेट चेतापेशींत कॅल्शियमचा लोंढा सोडतो आणि तो त्यांना मारतो.

आत घेतलेल्या ग्लुटामेटला अमोनिया जोडून ग्लुटामिन बनतं. त्यासाठी लागणारं ग्लुटामिन सिंथेटेज हे वितंचक मेंदूत प्रामुख्याने अ‍ॅस्ट्रोसाइटमध्येच असतं. ग्लुटामिन निरुपद्रवी, ते चेतापेशीकडे परत जातं आणि तिथे पुन्हा ग्लुटामेट होतं. हे वितंचक लक्षात ठेवा, यकृताच्या प्रश्नात ते परत येईल.

आता पोटॅशियम. पेशींबाहेर ते सुमारे ३ मिलिमोलर असतं. प्रत्येक विद्युत स्पंदानंतर चेतापेशी थोडं पोटॅशियम बाहेर टाकते. ते साचलं तर आसपासच्या चेतापेशी उगाच उत्तेजित होतात. अपस्माराच्या झटक्याच्या वेळी ते १० ते १२ मिलिमोलरपर्यंत चढतं. अ‍ॅस्ट्रोसाइट केआयआर४.१ नावाच्या मार्गिकांतून आणि पंपांद्वारे ते आत घेतात. शेजारचे अ‍ॅस्ट्रोसाइट कनेक्सिन ४३ आणि ३० यांच्या जोडांनी सांधलेले असल्यामुळे भार पसरवलाही जातो.

याशिवाय रक्तवाहिन्यांभोवती पाऊलटोकं टेकवून रक्त-मेंदू अडसर टिकवायला मदत करणं, वाढत्या मेंदूत थ्रॉम्बोस्पाँडिनसारखी प्रथिनं सोडून सिनॅप्स घडवणं, नको असलेले सिनॅप्स गिळणं, कोलेस्टेरॉल तयार करून पुरवणं ही कामंही त्यांच्याकडेच असतात.

चेतापेशींना अन्न हेच पुरवतात का?

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा २ टक्के आणि विश्रांतीतल्या ऊर्जेच्या खर्चात सुमारे २० टक्के. १९९४ मध्ये असा विचार पुढे आला की ग्लुटामेट उचलताना अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये ग्लुकोज वेगाने फुटतं, लॅक्टेट बनतं आणि ते चेतापेशी इंधन म्हणून वापरतात. मेंदूतला ग्लायकोजेनचा साठा बहुतांशी अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये असतो. उंदीर आणि घुशींवरच्या प्रयोगांत तो मोडू दिला नाही तर दीर्घकालीन स्मृती नीट बसत नाही, हेही दिसलं आहे. मात्र चेतापेशी स्वतःही ग्लुकोज घेतात आणि फोडतात. 'चेतापेशी केवळ लॅक्टेटवर जगतात' असं कुणी सांगितलं तर ते ताणलेलं विधान समजा. वाद आहे तो कोणत्या स्थितीत कोणाचा वाटा किती, यावर.

अ‍ॅस्ट्रोसाइट संदेशही देतात का?

विद्युत स्पंद देत नाहीत. त्यांची भाषा कॅल्शियमची. १९९० मध्ये संवर्धित अ‍ॅस्ट्रोसाइटवर ग्लुटामेट टाकल्यावर कॅल्शियमच्या लाटा एका पेशीतून दुसरीत जाताना दिसल्या आणि हे क्षेत्र जागं झालं. १९९९ पासून 'त्रिपक्षी सिनॅप्स' ही कल्पना रूढ झाली: देणारी चेतापेशी, घेणारी चेतापेशी आणि भोवतालचा अ‍ॅस्ट्रोसाइट.

कॅल्शियम वाढल्यावर अ‍ॅस्ट्रोसाइट ग्लुटामेट, डी-सेरीन, एटीपी असे पदार्थ सोडतात का, यावर मात्र दोन तट पडले. आयपी३आर२ हे जनुक काढलेल्या उंदरांत पेशीच्या मुख्य अंगातल्या मोठ्या कॅल्शियम लाटा जवळपास नाहीशा होतात, तरी काही प्रयोगशाळांना सिनॅप्सच्या वागण्यात फरक आढळला नाही. इतरांना आढळला. नंतर लक्षात आलं की बारीक पात्यांमध्ये या जनुकाशिवायही कॅल्शियम हलतं. २०२३ मध्ये ग्लुटामेट सोडण्याची यंत्रणा असलेला अ‍ॅस्ट्रोसाइटचा एक लहान गट वर्णिला गेला. मतभेद का झाले असावेत, याचा त्यातून थोडा उलगडा होतो: सगळे अ‍ॅस्ट्रोसाइट हे करत नसावेत. वेगाचा मुद्दाही विसरू नये. चेतापेशीचं स्पंद मिलिसेकंदात उरकतं, अ‍ॅस्ट्रोसाइटमधला कॅल्शियमचा चढ बरेचदा कित्येक सेकंद चालतो. त्यामुळे क्षणाक्षणाच्या गणितापेक्षा सावधपणा, झोप, लक्ष अशा सावकाश बदलणाऱ्या अवस्थांशी त्यांचा संबंध जास्त पटतो.

झोपेत मेंदू 'धुतला' जातो म्हणतात. त्यात अ‍ॅस्ट्रोसाइटचा काय संबंध?

२०१२ मध्ये मांडलेल्या ग्लिम्फॅटिक कल्पनेनुसार मेंदूजल धमन्यांच्या कडेने आत शिरतं, ऊतकातून फिरतं आणि टाकाऊ प्रथिनं घेऊन बाहेर पडतं. अ‍ॅस्ट्रोसाइटच्या पाऊलटोकांवर अ‍ॅक्वापोरिन-४ या जलमार्गिका दाटीने असतात आणि प्रवाह त्यांच्यावर अवलंबून असल्याचं सांगितलं गेलं. २०१३ मध्ये उंदरांत पेशींमधली मोकळी जागा जागेपणी १४ टक्के आणि झोपेत २३ टक्के मोजली गेली.

२०२४ मध्ये दुसऱ्या एका गटाने उंदरांतच वेगळ्या पद्धतीने मोजलं, तेव्हा झोपेत आणि भुलीखाली रंगद्रव्याचा निचरा उलट कमी झालेला दिसला. झोप मेंदूला हवीच, त्याबद्दल शंका नाही. पण 'रात्रीची धुलाई' हे पाठ्यपुस्तकी सत्य म्हणून सांगायची वेळ आलेली नाही. या विषयावर छापून येणारे बरेच लेख २०१३ लाच थांबलेले असतात.

'रिअ‍ॅक्टिव्ह' अ‍ॅस्ट्रोसाइट चांगले की वाईट?

इजा, संसर्ग, अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) याचे थर, झटके अशा कोणत्याही त्रासात अ‍ॅस्ट्रोसाइटचं रूप, जनुकांचा वापर आणि काम बदलतं. जीएफएपी वाढतं, फांद्या जाड होतात. याला रिअ‍ॅक्टिव्ह अवस्था म्हणतात.

२०१७ मध्ये दाखवलं गेलं की मायक्रोग्लिया आयएल-१ अल्फा, टीएनएफ आणि सी१क्यू हे तीन पदार्थ सोडतात तेव्हा अ‍ॅस्ट्रोसाइट चेतापेशींना मारणाऱ्या रूपात जातात. त्यांना 'ए१' म्हटलं गेलं आणि मदत करणाऱ्यांना 'ए२'. नावं सुटसुटीत होती, म्हणून वाऱ्यासारखी पसरली. पण पुढे एकेका पेशीची जनुकं वाचता आली तेव्हा आजारागणिक, मेंदूच्या भागागणिक, दिवसागणिक वेगळी रूपं दिसली आणि एकाच पेशीत ए१ व ए२ या दोन्हींच्या खुणा सापडल्या. २०२१ मध्ये या क्षेत्रातल्या मोठ्या गटाने एकत्र येऊन ही द्विभागणी सोडून द्यावी असं लिहिलं. तरी आजही अनेक शोधनिबंधांत दोन-तीन जनुकं मोजून 'ए१ वाढले' असा निष्कर्ष येतो.

आमच्या मते 'चांगला की वाईट' हा प्रश्नच कुठे नेत नाही. विचारायचं ते असं: या आजारात, या टप्प्यावर, अ‍ॅस्ट्रोसाइटच्या हातून कोणतं काम सुटलं आहे आणि कोणतं नको इतकं होतं आहे? मज्जारज्जूच्या इजेनंतर रिअ‍ॅक्टिव्ह अ‍ॅस्ट्रोसाइट जखमेभोवती कुंपण घालतात. उंदरांत ते रोखलं तर दाह पसरतो आणि नुकसान वाढतं. त्याच पेशी दुसऱ्या स्थितीत विषारी मेदद्रव्यं सोडून चेतापेशी मारू शकतात.

अल्झायमरमध्ये त्यांचा हात किती?

सर्वांत भक्कम धागा एपीओई या जनुकाचा. मेंदूत मेदद्रव्यं वाहून नेणारं हे प्रथिन मुख्यतः अ‍ॅस्ट्रोसाइट बनवतात. त्याचं एपीओई४ हे रूप एका पालकाकडून आलं असेल तर उशिरा होणाऱ्या अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट, दोन्हींकडून आलं असेल तर आठ ते बारा पट. हे आकडे युरोपीय वंशाच्या लोकांतले आहेत, इतर वंशांत ते बदलतात. एपीओई४ असलेले अ‍ॅस्ट्रोसाइट मेदद्रव्यं नीट हाताळत नाहीत आणि अमायलॉइडचा निचराही मंदावतो. एपीओई४ असूनही कित्येकांना आजार होत नाही आणि नसताना होतो, म्हणून केवळ कुतूहलापोटी ही चाचणी करण्यात अर्थ नाही. लेकॅनेमॅबसारखं अमायलॉइडविरोधी औषध घ्यायचं असेल तेव्हा मात्र ती कामाची आहे, कारण दोन एपीओई४ असलेल्यांत मेंदूला सूज येण्याचा आणि सूक्ष्म रक्तस्रावाचा धोका स्पष्टपणे जास्त असतो.

दुसरा धागा वेळेचा. अमायलॉइड साचू लागल्यावर, विस्मरण सुरू होण्याच्या बरंच आधी, रक्तातलं जीएफएपी वाढलेलं आढळतं. २०२३ च्या एका अभ्यासात अमायलॉइड असलेल्या पण लक्षणं नसलेल्या लोकांपैकी ज्यांचं जीएफएपी चढलेलं होतं, त्यांच्यातच टाऊ प्रथिनाचा बिघाड पुढे सरकताना दिसला. अमायलॉइड आणि टाऊ यांच्यामधला दुवा अ‍ॅस्ट्रोसाइट असावेत, हा तर्क त्यातून बळावतो. सिद्ध झाला असं नाही.

तिसरी गोष्ट सिनॅप्सची. थरांभोवतीचे रिअ‍ॅक्टिव्ह अ‍ॅस्ट्रोसाइट एमएओ-बी या वितंचकाच्या मार्गाने गाबा हा दाबणारा संदेशवाहक बनवून सोडतात आणि त्याने आसपासच्या चेतापेशी दबतात, असं उंदरांत दिसलं आहे.

एएलएस या स्नायू लुळे पाडत जाणाऱ्या आजारात तर हालचालीच्या चेतापेशी मरतात. मग अ‍ॅस्ट्रोसाइटचा विषय कुठून आला?

या आजाराने अ‍ॅस्ट्रोसाइटविषयी सर्वांत जास्त शिकवलं. काही कुटुंबांत एएलएस एसओडी१ जनुकातल्या उत्परिवर्तनाने होतो. २००३ मध्ये असे उंदीर तयार केले गेले ज्यांच्या शरीरात उत्परिवर्तित आणि निरोगी पेशींची सरमिसळ होती. बिघडलेल्या चेतापेशीभोवती निरोगी ग्लिया असतील तर ती जास्त टिकली. २००७ मध्ये उलट बाजू दिसली: उत्परिवर्तित अ‍ॅस्ट्रोसाइटच्या थरावर निरोगी चेतापेशी वाढवल्या, तर त्या मेल्या. २००८ मध्ये उंदरांच्या फक्त अ‍ॅस्ट्रोसाइटमधून उत्परिवर्तित जनुक काढलं. आजार सुरू होण्याचा काळ बदलला नाही, पण सुरू झाल्यावर तो सावकाश सरकला. म्हणजे ठिणगी चेतापेशीत पडते आणि आग किती वेगाने पसरेल हे शेजारी ठरवतात.

ग्लुटामेटचा धागाही इथेच आहे. १९९५ मध्ये एएलएसच्या रुग्णांच्या मेंदू आणि मज्जारज्जूत ईएएटी२ कमी आढळलं. त्याच वर्षी मान्यता मिळालेलं रिलुझोल ग्लुटामेटचं उत्सर्जन कमी करतं. मात्रा ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणाच्या किमान एक तास आधी किंवा दोन तासांनी. यकृताची वितंचकं अधूनमधून तपासावी लागतात. मूळ चाचण्यांत आयुष्यात दोन-तीन महिन्यांची भर दिसली होती.

मग ईएएटी२ वाढवणारं औषध का देऊ नये? ते करून झालं. २००५ मध्ये आधीच मान्यता असलेली हजारेक औषधं तपासताना सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे प्रतिजैविक ईएएटी२ वाढवतं असं आढळलं आणि एएलएसचे उंदीर त्यावर जास्त जगले. माणसांवरची तिसऱ्या टप्प्याची मोठी चाचणी मात्र फसली. आयुष्य वाढलं नाही, पित्ताशयाच्या तक्रारी वाढल्या. रुग्णांच्या मज्जारज्जूत ईएएटी२ खरोखर वाढलं का, हे जिवंत माणसात मोजायची सोय नव्हती, त्यामुळे कल्पना चुकली की मात्रा, की वेळ, याचं उत्तर मिळालंच नाही. पुढच्या चाचण्यांची आखणी करणाऱ्यांनी यातून घ्यायचं ते हेच: औषध लक्ष्यावर बसलं की नाही, हे दाखवणारी मोजणी आधी हवी.

पार्किन्सनमध्ये?

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुणांनी बनावट हेरॉइन टोचून घेतलं आणि थोड्याच दिवसांत त्यांना तीव्र पार्किन्सनची लक्षणं आली. त्यात एमपीटीपी हा भेसळीचा पदार्थ होता. तो स्वतः विषारी नाही. मुख्यतः अ‍ॅस्ट्रोसाइटमधलं एमएओ-बी त्याचं एमपीपी+ मध्ये रूपांतर करतं, ते डोपामिनच्या चेतापेशी आपल्याच वाहकाने आत घेतात आणि त्यांच्या मायटोकाँड्रियाचं काम बंद पडतं. सेलेजिलिन, रासाजिलिन ही एमएओ-बी रोखणारी औषधं पार्किन्सनमध्ये लक्षणांसाठी दिली जातात. ती आजारच थोपवतात असा पुरावा पक्का नाही: रासाजिलिनच्या २००९ च्या चाचणीत १ मिलिग्रॅमला फायदा दिसला आणि २ मिलिग्रॅमला नाही, असा विचित्र निकाल आला.

मायक्रोग्लियाकडून अ‍ॅस्ट्रोसाइट बिघडवले जाणं रोखायचं, या हेतूने बनवलेलं एनएलवाय०१ उंदरांत छान चाललं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी चाचणीत ३६ आठवड्यांनी लक्षणांत फरक नव्हता.

हंटिंग्टन या आनुवंशिक आजारात?

थोडक्यात: बिघडलेलं हंटिंग्टिन प्रथिन अ‍ॅस्ट्रोसाइटमध्येही साचतं, केआयआर४.१ कमी होतं, पोटॅशियम साचतं आणि चेतापेशी अतिउत्तेजित होतात. उंदरांत फक्त अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये केआयआर४.१ परत दिल्यावर हालचालींत काही सुधारणा झाली.

ज्यांचं मूळच अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये आहे असे आजार आहेत का?

आहेत, आणि दोन तरी माहीत असावेत.

अलेक्झांडर आजाराचं वर्णन १९४९ चं, कारण २००१ मध्ये सापडलं: जीएफएपी जनुकातलं उत्परिवर्तन. तान्ह्या बाळांत डोकं मोठं होणं, झटके, वाढ खुंटणं आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या पुढच्या भागातला पांढरा भाग खराब दिसणं. मोठ्यांत गिळणं-बोलणं अडखळणं, तोल जाणं. मोठ्यांतला प्रकार बरेचदा दुसऱ्याच आजाराच्या नावाखाली उपचार घेत राहतो. इथे गंमत अशी की जीएफएपी पूर्णपणे काढलेले उंदीर जवळपास ठीक असतात. म्हणजे अपाय होतो तो प्रथिनाच्या अभावाने नव्हे, बिघडलेलं प्रथिन साचून. म्हणूनच जीएफएपीचं उत्पादन कमी करणारे आरएनएवर बेतलेले उपचार आधी प्राण्यांत आणि पुढे माणसांवरच्या चाचण्यांत गेले.

दुसरा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. हा झीज करणारा नव्हे, स्वप्रतिकारक आजार आहे. शरीर अ‍ॅक्वापोरिन-४ विरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि अ‍ॅस्ट्रोसाइट मारले जातात, मायलिन त्यानंतर जातं. दृष्टी अचानक जाणं, पाय लुळे पडणं, दिवसेंदिवस न थांबणारी उचकी किंवा उलटी ही लक्षणं. तो मल्टिपल स्क्लेरोसिससारखा दिसतो आणि इथेच घोटाळा होतो: इंटरफेरॉन बीटा, फिंगोलिमोड, नॅटॅलिझुमॅब ही मल्टिपल स्क्लेरोसिसची औषधं या आजाराचे झटके, म्हणजे लक्षणं पुन्हा उसळणं, वाढवू शकतात. म्हणून शंका असेल तर अ‍ॅक्वापोरिन-४ प्रतिपिंडाची पेशीआधारित चाचणी उपचार ठरण्याआधी हवी. तीव्र झटक्यात मिथाइलप्रेडनिसोलोन १ ग्रॅम शिरेतून रोज, तीन ते पाच दिवस देतात आणि गुण कमी असेल तर प्लाझ्मा बदलण्याला उशीर करत नाहीत. इक्युलिझुमॅबला २०१९ मध्ये, इनेबिलिझुमॅब आणि सॅट्रॅलिझुमॅबला २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

यकृत बिघडल्यावर माणूस भ्रमात जातो, त्याचाही संबंध आहे?

थेट संबंध आहे. यकृत अमोनिया हटवू शकलं नाही की तो मेंदूत शिरतो आणि वर सांगितलेलं ग्लुटामिन सिंथेटेज त्याचं ग्लुटामिन करत सुटतं. अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये ग्लुटामिन साचतं, पाणी आत ओढलं जातं, पेशी फुगतात. जुनाट आजारात पेशी इतर विद्राव्य पदार्थ, विशेषतः मायो-इनोसिटॉल, बाहेर टाकून तोल साधतात, म्हणून सूज मर्यादित राहते. यकृत काही दिवसांत एकदम निकामी झालं तर तोल साधायला वेळच मिळत नाही आणि मेंदूची सूज जिवावर बेतते. अमोनिया कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या लॅक्ट्युलोज या रेचकाची मात्रा दिवसाला दोन-तीन मऊ शौच होतील इतकी ठेवतात. त्याहून जास्त दिलं तर जुलाबाने पाणी आणि क्षार घटतात आणि भ्रम उलट वाढतो. घरी बहुतेकदा हेच चुकतं.

रक्तातली जीएफएपी चाचणी करून घ्यावी का?

कशासाठी, यावर अवलंबून. डोक्याला सौम्य मार लागल्यावर सीटी स्कॅनची गरज आहे का हे ठरवायला जीएफएपी आणि चेतापेशींतलं यूसीएच-एल१ या जोडीच्या चाचणीला अमेरिकेत २०१८ मध्ये परवानगी मिळाली, तीही मार लागल्यापासून १२ तासांच्या आत घेतलेल्या नमुन्यासाठी. दोन्ही कमी असतील तर स्कॅनमध्ये इजा दिसण्याची शक्यता फार कमी.

स्मृतिभ्रंशासाठी एकटं जीएफएपी निदान देत नाही. ते वयाबरोबर वाढतं आणि डोक्याचा मार, मेंदूतला रक्तस्राव, मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदूच्या काही गाठी यांतही वाढतं. अल्झायमरच्या रक्तचाचणीत सध्या जास्त नेमकं ठरतं ते पी-टाऊ २१७, म्हणजे टाऊ प्रथिनाचं एक रूप. दोन वेगळ्या प्रयोगशाळांतले किंवा दोन वेगळ्या यंत्रांवरचे जीएफएपीचे आकडे एकमेकांशी जुळवू नयेत.

अ‍ॅस्ट्रोसाइटपासून नवीन चेतापेशी करता येतात का?

२०२० मध्ये पीटीबी हे प्रथिन घटवलं की उंदरांच्या अ‍ॅस्ट्रोसाइटच्या चेतापेशी होतात आणि पार्किन्सनसारखी लक्षणं सुधारतात, असं प्रसिद्ध झालं आणि मोठा गाजावाजा झाला. २०२१ मध्ये अ‍ॅस्ट्रोसाइटवर आधीच कायमची वंशखूण लावून तोच प्रयोग केला, तेव्हा 'नवीन' चेतापेशींवर ती खूण नव्हती. त्या तिथे आधीपासून असलेल्या चेतापेशीच होत्या. विषाणूवाहकातलं जीएफएपी प्रवर्तक (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) चेतापेशींतही गळत होतं, म्हणून त्या चमकल्या. वंशखूण नसलेला असा दावा आता मान्य करू नये.

अ‍ॅस्ट्रोसाइट निरोगी ठेवणाऱ्या गोळ्या मिळतात का?

असा परिणाम माणसांत सिद्ध झालेलं एकही पूरक नाही. रक्तदाब, मधुमेह, ऐकू कमी येणं, धूम्रपान, डोक्याचा मार या गोष्टी सावरल्याने स्मृतिभ्रंशाचा धोका कमी होतो याला पुरावा आहे. त्यातला किती फायदा अ‍ॅस्ट्रोसाइटमार्फत होतो हे वेगळं काढता येत नाही, आणि रुग्णाला त्याची गरजही नाही. एमएओ-बी रोखणारं औषध 'मेंदूच्या तंदुरुस्तीसाठी' स्वतःहून घेणं धोक्याचं आहे, कारण नैराश्यावरच्या अनेक औषधांशी त्याची गंभीर प्रतिक्रिया होते.

प्रयोगशाळेत अ‍ॅस्ट्रोसाइटवर काम सुरू करताना हमखास काय चुकतं?

पहिली चूक संवर्धनात. १९८० पासूनची रूढ पद्धत अशी: नवजात उंदराच्या किंवा घुशीच्या बाह्यकातल्या पेशी १० टक्के सीरम घातलेल्या माध्यमात फ्लास्कमध्ये वाढवायच्या, सात ते दहा दिवसांनी थर भरला की ३७ अंशांवर रात्रभर हलवायच्या, म्हणजे वर बसलेल्या मायक्रोग्लिया आणि ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वपेशी सुटून निघतात. स्वस्त आणि भरपूर पेशी देणारी पद्धत. पण निरोगी मेंदूत अ‍ॅस्ट्रोसाइटला सीरम कधी भेटतच नाही, त्यामुळे या पेशी मुळातच अर्ध्या रिअ‍ॅक्टिव्ह असतात: चपट्या, विभाजन पावणाऱ्या, पात्यांविना. दाहाचा अभ्यास करायचा असेल तर २०११ पासूनची प्रतिपिंडाने पेशी वेचण्याची पद्धत घ्या. तिथे सीरमऐवजी एचबीईजीएफ हा वाढघटक ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर वापरतात. पेशी कमी मिळतात, खर्च वाढतो.

दुसरी चूक उरलेल्या मायक्रोग्लियाची. हलवूनही काही टक्के राहतातच. मग एलपीएस हा दाह चेतवणारा जीवाणूंचा पदार्थ घालून 'अ‍ॅस्ट्रोसाइटनी प्रतिसाद दिला' असं लिहिलं जातं, प्रत्यक्षात प्रतिसाद मायक्रोग्लियांचा असतो आणि अ‍ॅस्ट्रोसाइट त्यांनी सोडलेल्या पदार्थांना उत्तर देतात. आयबीए१ने रंगवून मायक्रोग्लिया मोजा आणि आकडा लिहा. विषारी रूप थेट घडवायचं तर आयएल-१ अल्फा ३, टीएनएफ ३० आणि सी१क्यू ४०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, २४ तास, हे प्रमाण वापरलं जातं.

तिसरी चूक जीएफएपी मोजण्यात. उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जीएफएपी भरपूर असतं, निरोगी बाह्यकात इतकं कमी की अ‍ॅस्ट्रोसाइट असूनही रंगत नाहीत. आजारात तिथे जीएफएपी चढलं की 'पेशींची संख्या वाढली' असं वाटतं. संख्या सांगायची असेल तर केंद्रकात दिसणारं सॉक्स९ मोजा, त्यातही अनुमस्तिष्क आणि चेतापेशी जन्माला येणारे भाग वगळा.

चौथी चूक जनुक बदलताना. जीएफएपी-क्रे उंदरांत (क्रे म्हणजे ठरलेल्या जागी डीएनए कापणारं वितंचक) वाढीच्या काळातल्या मूळपेशीही क्रे बनवतात, त्यामुळे बदल चेतापेशींतही उतरतो. टॅमॉक्सिफेनने चालू होणारा एएलडीएच१एल१-क्रे प्रौढ वयात वापरला तर गळती बरीच कमी असते. विषाणूवाहक वापरत असाल तर मात्रा वाढवत नेऊ नका, कारण मात्रा वाढली की प्रवर्तक चेतापेशींत गळतं. प्रत्येक गटातल्या काही कापांवर न्यूएन या चेतापेशींच्या खुणेचा रंग लावून किती टक्के चेतापेशी चमकतात ते मोजा आणि मुख्य आलेखाच्या शेजारीच ते छापा.